झिपरीवर करवत कुणी चालवली?

रविवार, २ मार्च

प्रिय बुटके,

गुरुवार, दिनांक १३ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे. ही वेळ सगळ्यात आधी लिहिली, कारण एकदा तुझ्या गुडघ्याची चौकशी सुरू केली की मी मऊ पडते आणि भांडण राहून जातं. त्या दिवशी, त्या वेळी, माझ्या अंगणात, मला न विचारता, माझ्या झिपरीवर करवत चालली.

आता अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? तुझा नवरा अजून पेपर मोठ्यांदा वाचून सगळ्या घराला शिक्षा देतो का? मी बरी आहे. भूक लागते, रागही येतो, म्हणजे प्रकृती उत्तम आहे.

झिपरी कोण हे तुला सांगायला नको, तरी सांगते, कारण तू तिला आजवर 'ते झाड' याखेरीज काही म्हटलेलं नाहीस. झिपरी म्हणजे माझा वीपिंग विलो, लोंबत्या फांद्यांचा. रोपवाटिकेतल्या माणसाने 'शोभेचं काहीतरी' म्हणून माझ्या गळ्यात मारला तेव्हा तो माझ्या कमरेएवढाही नव्हता. तू पाहिलंस आणि छातीठोकपणे म्हणालीस, "ताई, हा बॉटलब्रश आहे. लाल फुलं येतील बघ." तेव्हा हे होते. हे म्हणाले, "पैज लावा आणि मला चहा द्या."

आपण दोघी पायरीवर बसलो आणि कॉन्व्हेंट शाळेत झाडं शिकवणाऱ्या मदरांनी शिकवलं तसं केलं. त्या कुणालाही आधी नाव घेऊ देत नसत. आधी पान, मग पानाची कड, मग पाठ, मग फांदी, मग साल. पान बोटाएवढं लांब आणि निमुळतं. कड बारीक दातांची, नखाने चाचपली तरच कळेल अशी. पाठ फिकट, रुपेरी झाक असलेली. कोवळी काडी पिवळसर आणि फुटल्याफुटल्या खालीच निघालेली. तरी तू ऐकेनास. शेवटी मी म्हटलं, पान चुरगाळ. बॉटलब्रशच्या पानाला वास असतो. तू चुरगाळलंस, नाकाशी धरलंस, आणि तुझं तोंड असं झालं की हे चहा सांडेपर्यंत हसले.

त्यानंतर तिला मी वाढवली. पहिली दोन वर्षं रोज पाणी, नंतर फक्त उन्हाळ्यात. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा थर, पण सालीला चिकटू न देता. मावा पडला की पाण्याचा जोरदार फवारा. थंडी सरताना, कोंबांचे डोळे फुगायच्या आत, मेलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या तेवढ्याच फांद्या काढायच्या. बाकी तिच्या लोंबत्या घेराला हात लावायचा नाही. मान्य, तिची मुळं पाण्यासाठी हावरट आहेत. मान्य, मागच्या वर्षी ती सांडपाण्याच्या पाइपात शिरली. तू तेव्हा म्हणालीस, "ताई, ही बया एक दिवस तुझा संडास गिळेल." मी हसले. आता हसू येत नाही.

कारण आज अंगणात उभं राहिलं तर झिपरी नाहीच. एक बुंधा आहे आणि वर काही जाड खुंट. गुडघ्यापर्यंत उतरणारा सगळा हिरवा घेर गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आता सरळ मागची भिंत दिसते. शेजारच्या दंतवैद्याची खिडकी दिसते. तो दिसतो. त्यालाही मी दिसत असणार, आणि या वयात कुणाला दात घासताना दिसायची माझी इच्छा नाही.

दहा वाजून दहा मिनिटं हे त्यानेच सांगितलं. त्याचा त्या दिवसाचा पहिला पेशंट तोंड वासून बसला होता आणि बाहेर करवत सुरू झाली. पेशंटला वाटलं डॉक्टरच सुरू झाले. तो खुर्चीतून उठून पळाला. दंतवैद्य हे मला हसत हसत सांगत होता. मी हसले नाही.

मी त्या वेळी घरी नव्हते. डोळ्यांच्या दवाखान्यात होते. औषध घालून बाकावर बसवून ठेवलं होतं, समोर सगळं धूसर, शेजारी एक बाई आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत होती. मला चांगलं आठवतं. जेवायच्या वेळेला घरी आले, फाटकाची कडी काढली, आणि पिशवी हातातून पडली.

आता तू विचारशील, यात माझा काय संबंध. ऐक.

मी शिडी लावली. (ओरडू नकोस, खालच्या दोन पायऱ्याच चढले.) प्रत्येक काप पाहिला. भाड्याने आलेला करवतवाला कसा कापतो तुला ठाऊक आहे. वरून एकदम घाव घालतो, फांदी आपल्या वजनाने खाली येते आणि जाताना बुंध्याची साल लांबपर्यंत सोलून नेते. इथे एकही साल फाटलेली नाही. प्रत्येक फांदीला आधी खालून खाच घेतली आहे, मग थोडं पुढे वरून काप, आणि शेवटी उरलेलं बोंड, म्हणजे फांदीचं थोटूक, काढलं आहे. तेही बुंध्याला लागून नाही, तर सालीची जी फुगीर वळी असते तिच्या अगदी बाहेर, ती वळी शाबूत ठेवून. म्हणजे जखम भरून येईल. हे मदरांचं शिक्षण आहे. त्या वर्गातल्या बाकीच्या मुली आता कुठे असतील देव जाणे. माझ्या ओळखीत असं कापायला सांगणाऱ्या दोनच बायका आहेत. एक मी. दुसरी हे पत्र वाचते आहे.

म्हणून मी ठरवलं की तूच करवतवाल्याला पाठवलंस. पाइपाच्या काळजीने, किंवा मी एकटी राहते आणि वादळात फांदी छपरावर पडेल म्हणून. मला न विचारता, मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे असताना, लहानपणी माझी पुस्तकं मैत्रिणींना वाटायचीस तसं. दोन आठवडे मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडते आहे. त्यातली काही वाक्यं फार छान जमली आहेत, ती इथे वापरायची होती. पण परवापासून ती नीट आठवत नाहीत.

मागची मोरी तुला आठवते ना, जिथे आपण रंगीत कपडे भिजत घालायचो? तिथे एक बादली आहे. बादलीत विलोच्या काड्या उभ्या आहेत, वितीएवढ्या. सगळ्या मी करते तशाच कापलेल्या: खालचं टोक तिरकं, वरचं सपाट, म्हणजे उलटी लावायची चूक होत नाही. त्यांना पांढरी मुळं फुटली आहेत, बारीक, दोऱ्यासारखी. हिची काडी पाण्यात ठेवली की मुळं फुटतातच, त्यात नवल नाही. नवल पाण्याचं आहे. हे पाणी दोन दिवसांत गढूळ होतं, बुळबुळीत होतं, वास मारतं. बादलीतलं पाणी स्वच्छ होतं. तळ दिसत होता.

घरात मी एकटी राहते.

मग मला आठवलं की दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे. आणि मी खरोखर, खुर्चीवर बसून, असा विचार केला की तू तीन तास बसने येतेस, मी भाजी आणायला गेले की आत शिरतेस, बादलीचं पाणी बदलतेस आणि तीन तास बसने परत जातेस. तुझ्या त्या गुडघ्यासह. हा विचार मूर्खासारखा आहे हे मला दिसत होतं. तरी मी तो धरून बसले, कारण तो सोडला तर दुसरा जो विचार येत होता तो मला नको होता.

डोळ्यांच्या दवाखान्यात मी फोन केला. सहज. कागद हवा आहे म्हणून. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही जानेवारीत आला होता. फेब्रुवारीत तुमची तारीख होती, पण तुम्ही आलाच नाहीत." मी तिला चांगलंच सुनावलं. आजी कुणाला म्हणतेस इथपासून सुरुवात केली. ती बिचारी फक्त "सॉरी हं, सॉरी हं" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर मी आठवून पाहिलं, त्या बाकावरच्या बाईने कसलं स्वेटर घातलं होतं. जाड, लोकरीचं. जानेवारीतलं.

दंतवैद्य आणखी एक वाक्य बोलला होता, ते मी वर लिहिलं नाही. तो म्हणाला, "तुम्ही उभ्या होतात ना अंगणात, म्हणून मी काही बोललो नाही." मी त्याच्यावर असे डोळे वटारले की तो "दुसरं कुणी असेल" म्हणून आत गेला. लोकांच्या तोंडात बघून बघून दंतवैद्य चेहरे विसरतात, असं मी स्वतःला सांगितलं.

बुटके, तुला ठाऊक आहे मी आयुष्यभर काय काम केलं. रक्ताच्या पिशव्यांवरची नावं आणि गट तपासायचे. एकदा वाचायचं, मोठ्याने म्हणायचं, पुन्हा वाचायचं. निवृत्तीच्या दिवशी साहेब म्हणाले की बाईंच्या हातून एक पिशवी चुकीच्या माणसाकडे गेली नाही. ते खरं होतं. असं डोकं असलेल्या बाईचं असं कसं होईल? सांग ना.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. चहा करून आले. तो तसाच ठेवला आहे.

पावसाळा संपल्यापासून झिपरीच्या आत कुणीतरी उभं असायचं. संध्याकाळी, उजेड कमी झाला की. मी स्वयंपाकघरातला दिवा लावला की लोंबत्या फांद्यांच्या मागे एक बाई दिसायची. हात सोडून उभी, खिडकीकडे बघत. भूतबीत मी मानत नाही, आणि आता या वयात मानायला लागणार नाही. सुरुवातीला मी बाहेर जायचे, फांद्या पडद्यासारख्या बाजूला करायचे. आत कुणी नसायचं. ओला पाला आणि बुंधा. परत आत येऊन पाहिलं की ती असायची. मग मी बाहेर जाणं बंद केलं. मग दिवा लावणं बंद केलं. संध्याकाळचा स्वयंपाक दुपारीच उरकायला लागले. तू फोनवर विचारायचीस, "एवढ्या लवकर जेवलीस?" मी म्हणायचे, "वय झालं."

हे मी कुणालाही सांगितलं नाही. तुला नाही, डॉक्टरला नाही, शेजाऱ्याला तर नाहीच. हे वाक्य नीट वाच, कारण पुढचं त्यावर उभं आहे. कुणालाही नाही.

परवा सकाळी फाटक वाजलं. एक माणूस, खांद्यावर दोर, पोट सुटलेलं. ओळखीचं हसला.

"मग बाई, सोमवारी दहा तारखेला बुंधा घ्यायला येऊ ना? मुळं पण काढायची म्हणाला होतात, त्याला अजून एक माणूस लागेल."

"तू कोण?"

"घ्या! मी कोण! माझं डोकं खाल्लंत त्या दिवशी, आणि मी कोण!"

"तुला माझ्या बहिणीने पाठवलं. बुटकी आहे, गुडघ्यावर हात ठेवून चालते."

"कोण बहीण? तुम्हीच फोन केलात. तुम्हीच उभ्या राहिलात. खालून खाच घे, वळी सोड, बोंड नंतर काढ. बाई, मी मिसरूड फुटल्यापासून झाडं पाडतोय. एवढ्या वेळात आणखी दोन झाडं झाली असती माझी."

मी म्हटलं, तू खोटं बोलतोस. मी म्हटलं, पोलिसांना बोलावीन. माझा आवाज चढला होता, दंतवैद्याची खिडकी उघडली. करवतवाला चिडला असावा, पण मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"बाई," तो म्हणाला, "तुम्हीच म्हणालात की संध्याकाळी आत कुणीतरी उभं असतं. घरात बघतं. म्हणून सगळं मोकळं कर, म्हणालात. तुम्ही घाबरला होता. म्हणून तर मी दुसरं काम सोडून आलो."

त्याने हे हळू आवाजात सांगितलं. बुटके, मी चांगली तिखट बाई आहे, माझ्याशी लोक भांडतात, मला टाळतात, मागून नावं ठेवतात. माझ्याशी असं हळू आवाजात आजवर कुणी बोललं नव्हतं. जसं खाटेवरच्या माणसाशी बोलतात तसं.

मी त्याला सांगितलं, सोमवारी येऊ नकोस. बुंध्याला हात लावायचा नाही. तो "बरं" म्हणाला. मग फाटकाशी थांबून म्हणाला, "पण बाई, तुम्ही आधीही नको म्हणाला होता. मग दुसऱ्या दिवशी तुमचाच फोन आला. तर काय ते एकदा नक्की ठरवा."

काल सकाळी चहा करताना माझी उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती. मी मोरीत गेलेले मला आठवत नाही. बादलीतलं पाणी ताजं होतं.

झाडाचं म्हणशील तर अजून काही बिघडलेलं नाही. काप चांगले आहेत, कुणीही केले असोत. खुंटांवर डोळे फुगायला लागले आहेत, काल हात फिरवला तर बोटांना लागले. बुंधा राहिला तर हे झाड पुन्हा झिपरं होतं, आणि फार वेळही घेत नाही. सगळे कोंब ठेवायचे नाहीत, प्रत्येक खुंटावर दोन-तीन जोमदार राखायचे. कापांना काहीही फासायचं नाही, डांबर नाही, रंग नाही. या उन्हाळ्यात मुळांना भरपूर पाणी द्यायचं आणि खत आवरून द्यायचं, नाहीतर कोंब लुसलुशीत होऊन वाऱ्याने मोडतात. हे तुला एवढ्या तपशिलात का लिहिते आहे ते तू ओळखलंच असशील. ओळखलं नसशील तर तेच बरं.

मला झाडाची भीती वाटत नाही. घेर गेल्यापासून ती बाईही दिसत नाही. काचेत फक्त मीच दिसते, मागे भिंत. मला भीती वाटते ती जी फोन उचलते तिची. ती माझ्याच आवाजात बोलते. तिला मदरांचं सगळं शिक्षण पाठ आहे. ती माझ्या माघारी माझं काम माझ्याइतकंच नीट करते. तिने करवतवाल्याला दहा तारीख दिली आहे आणि मी ती रद्द केली आहे. आमच्या दोघींत शेवटी कुणाचं चालेल हे मला खरोखर सांगता येत नाही. आणि झिपरीचा बुंधा गेला तर तो परत येणार नाही.

तेव्हा आता तुला एक प्रश्न. हे सगळं वाचूनही एक शक्यता उरते, आणि मी तिला दातांनी धरून बसले आहे. तू या करवतवाल्याला आधी भेटलीस, त्याला पढवलंस, पाइपाच्या काळजीने. फांद्यांमागे कुणी दिसतं हे मी तुला कधीतरी फोनवर बोलून गेले असेन, ते तू त्याला सांगितलंस. असं असेल तर तू अत्यंत आगाऊ आणि कावेबाज बाई आहेस. मी तुझ्याशी पावसाळ्यापर्यंत बोलणार नाही आणि मला आयुष्यात कुठल्या बातमीने झाला नसेल एवढा आनंद होईल.

केलंस का? हो किंवा नाही. गोड बोलून मधलं काही सांगू नकोस, मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस. आणि फोन करू नकोस. फोनवर ऐकलेलं संध्याकाळपर्यंत माझ्यापाशी राहीलच असं नाही. मला ते तुझ्या अक्षरात हवं आहे, खाली सही आणि तारीख घालून. ते मी टेलिफोनच्या वर भिंतीला लावीन. म्हणजे मी फोन उचलला तरी वाचेन, आणि तिने उचलला तरी तिला वाचावं लागेल.

उत्तर मला शनिवार, ८ मार्च, दुपारी बाराच्या आत मिळालं पाहिजे. उत्तर 'हो' असेल तर दोन ओळी टपालात टाक, पुढचं मी एकटी बघून घेईन. 'नाही' असेल तरी लिहीच. पण ते टपालात टाकू नकोस. हातात घेऊन ये, आणि सोमवार उलटेपर्यंत राहायच्या बेताने ये.

अजून तरी तुझीच,
ताई